थोरला कोण?

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात राहणारा माणूस परगावी गेला की त्याचे स्वागत एकाच वाक्याने होते. "वा! खंडाळा! म्हणजे धबधबे, धुकं, चिक्की!" मग बिचाऱ्याला खुलासा करावा लागतो की, तो खंडाळा निराळा. तो लोणावळ्याच्या शेजारचा, श्रीमंत घरी पडलेला. आमचा खंडाळा पुणे-सातारा रस्त्यावरचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. तालुक्याचे गाव आहे, मामलेदार कचेरी आहे, एसटी स्टँड आहे. पण हवा खायला म्हणून इथे कुणी उतरत नाही. उतरलाच तर गाडी तापली म्हणून उतरतो. १९९८ साली खंडाळ्याच्या नावाचे एक हिंदी सिनेगीत गल्लोगल्ली वाजत होते, तेव्हा आमच्या स्टँडवरची पोरे महिनाभर कॉलर ताठ करून हिंडली. शेवटी ते गाणेही त्या खंडाळ्याचेच निघाले.

एवढ्या एका खुलाशावर माझा जन्म निभावला असता. पण गेल्या चार वर्षांत त्यात दुसऱ्याची भर पडली आहे. तो खुलासा म्हणजे माझी भाची. लोकांच्या भाच्या हिंजवडीला असतात, बँकेत असतात, दातांच्या डॉक्टर असतात. "बरं चाललंय" म्हटले की काम भागते. आमची भाची मुंबईला न्यूट्रिनोवर संशोधन करते.

ही बातमी मी चारचौघांत पहिल्यांदा सांगितली ती कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर. शेजारचे तात्या टोमॅटोचे औषध घ्यायला आले होते. त्यांनी नाव नीट ऐकून घेतले, मान डोलावली आणि विचारले, "पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकायचं?"

"तात्या, ते फवारायचं नसतं."

"मग आळवणी करायची?"

"अहो, तो एक कण आहे. अणूहून बारीक."

"असंल. पन मग त्याचा उपेग काय?"

आता हा प्रश्न एकट्या तात्यांचा नाही. ताईने, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीने, मुलीला हाच प्रश्न विचारला. सोसायटीतल्या बायकांनी ताईला विचारला. भाचीसाठी सांगून आलेल्या एका स्थळाने तर तो पत्रिकेच्याही आधी विचारला. तेव्हा दिवाळीत भाची चार दिवस आमच्याकडे आली, त्या वेळी मी ठरवले की, दारात रोज उभा राहणारा हा प्रश्न एकदा निकालात काढायचा.

"मामा, तुमचं नख दाखवा," भाची म्हणाली.

मी अंगठा पुढे केला.

"या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो जातात. सूर्याकडून आलेले. नखातून, हातातून, खुर्चीतून, जमिनीतून, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूनं बाहेर."

आमच्या हिने चकली तळता तळता आपले नख पदराला पुसले. "रात्री तरी थांबतात का?" तिने विचारले. थांबत नाहीत म्हणे. रात्री सूर्य पायाखाली असतो, तेव्हा ते खालून वर येतात, गादीतून. मी त्या रात्री जरा कुशीवर झोपून पाहिले; पण शास्त्राच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही.

हा कण जन्माला आला तोच मुळी कागदावर. अणूच्या एका हिशेबात थोडी ऊर्जा कमी भरत होती. कुठे जाते ते सापडेना. तेव्हा १९३० साली वोल्फगांग पाउली या शास्त्रज्ञाने सुचवले की, न दिसणारा एखादा कण ती गुपचूप घेऊन जात असेल. किराणा कमी भरला की आपण उंदरावर घालतो, तसलाच प्रकार. गंमत म्हणजे ही कल्पना त्याने परिषदेत उभे राहून मांडली नाही, पत्राने कळवली. परिषदेला त्याला जाता येत नव्हते, कारण त्याच सुमारास झुरिकला नाचाचा कार्यक्रम होता आणि तिथे जाणे त्याला भाग होते. आपल्याकडे नाचाचे कारण सांगून कुणी कचेरीतली रजा मागून दाखवावी! तो उंदीर प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले. अमेरिकेत एका अणुभट्टीजवळ राइन्स आणि कोवन या दोघांनी तो पकडला.

सापडायला इतकी वर्षे का लागली? कारण हा कण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एक प्रकाशवर्ष जाडीची शिशाची भिंत बांधली तरी सुमारे निम्मे न्यूट्रिनो तिच्यातून आरपार जातील. हे ऐकल्यावर मला आमच्या खंबाटकीची आठवण झाली. साताऱ्याकडे जायचे तर घाट चढावा लागतो. पुण्याकडे जायचे तर बोगद्यातून यावे लागते. तेवढ्याने भागेना म्हणून नव्या बोगद्यांचे काम काढले. माणसाला एक डोंगर ओलांडायला इतका खटाटोप, आणि हे गृहस्थ ना घाट चढत, ना बोगदा मागत, ना खेड-शिवापूरला टोल भरत, ना आनेवाडीला!

"मग त्यांना पकडायला तुम्ही डोंगरात कशाला बसता?" मी विचारले. "ते तर डोंगराला जुमानत नाहीत."

"त्यांच्यासाठी नाही हो मामा. बाकीच्यांना अडवायला."

हे मात्र मला मनापासून पटले. आकाशातून इतर कणांचाही सतत पाऊस पडत असतो. म्युऑन नावाचे तर आपल्या तळहातावर दर सेकंदाला एखादा तरी टपकतो. न्यूट्रिनो लाखो कोटींत एखादा कुठेतरी अणूला धडकतो, आणि त्या धडकेचा आवाज म्हणजे कुजबुज. मंगल कार्यालयात बँड चालू असताना विहिणीची कुजबुज ऐकायची असेल तर काय कराल? बँडवाल्यांना बाहेर घालवाल, दारे-खिडक्या लावाल. डोंगर म्हणजे ती दारे-खिडक्या. वर किलोमीटरभर खडक असला की बँड बाहेर राहतो आणि विहीणबाई ऐकू येतात.

आणि ही कुजबुज ऐकण्यात आपण एके काळी जगाच्या पुढे होतो, हे मला दिवाळीपर्यंत ठाऊकच नव्हते. कोलारची सोन्याची खाण आपल्याला सोन्यासाठी माहीत. तिच्या पोटात, दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसे एम. जी. के. मेनन यांच्या पुढाकाराने उपकरणे मांडून बसली होती. सोबत जपानमधल्या ओसाकाचे आणि इंग्लंडमधल्या डरहॅमचे लोक होते. १९६५ साली त्यांनी वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइन्सच्या मंडळींनीही ती टिपली. जगात हे पहिल्यांदा कुठे घडले म्हणून विचारले, तर या दोनच खाणींची नावे घ्यावी लागतात. १९६५ साल डोळ्यांपुढे आणा. रेशनच्या रांगा, सीमेवर युद्ध, घरात रॉकेलचा स्टो. आणि कोलारला काही माणसे रोज पाळण्यातून पाताळात उतरत होती, कधीमधी येणाऱ्या पाहुण्याची वाट बघायला. त्यांच्याही मामांना गावात कुणीतरी 'उपयोग काय' म्हणून विचारलेच असेल. पुढे सोने परवडेनासे झाले. २००१ साली खाण बंद पडली, आणि त्या पाताळात पाणी भरले.

मग ठरले की, आपण आपला डोंगर पोखरायचा. त्यात पन्नास हजार टन लोखंडाचे एक उपकरण बसवायचे. भाचीने त्याचा आराखडा मला कागदावर काढून दाखवला. लोखंडाचे जाड पत्रे, मधे काचेच्या चपट्या पेट्या, परत पत्रा, परत काच, असे दीडशे थर.

"हा तर चिरोटा!" आमची ही म्हणाली.

"अगदी बरोबर, मामी. फक्त चुंबकाचा."

चुंबक अशासाठी की न्यूट्रिनो धडकला की त्यातून म्युऑन उडतो, आणि चुंबकात तो वळतो. धन असला तर एकीकडे, ऋण असला तर दुसरीकडे. कुणीकडे वळला यावरून आलेला पाहुणा न्यूट्रिनो होता की प्रतिन्यूट्रिनो हे कळते. आणि त्यावरून कळणार होते ते आणखी मजेदार आहे.

न्यूट्रिनो हे तीन भाऊ. तिघेही सोंगाडे. निघताना एक असतो, वाटेत दुसरा होतो, पोचतो तेव्हा भलताच. आपल्या एसटीत पुण्याला थोरला चढावा, शिरवळला तिकीट काढताना तो मधला असावा आणि खंडाळ्याला धाकट्याने उतरावे, अशातली गत. हे जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगात १९९८ साली दिसले. २०१५ चे नोबेल त्यावर दिले गेले, कारण सोंग बदलता येते याचा अर्थ त्यांना थोडे तरी वजन आहे. पण कुणाला किती? एवढे कळले आहे की, दोघांच्या वजनात फारसे अंतर नाही आणि तिसरा त्यांच्यापासून लांब आहे. मात्र तो लांबचा सगळ्यांत जड आहे की सगळ्यांत हलका, हे आजवर ठरलेले नाही. म्हणजे तो थोरला की धाकटा? पन्नास हजार टनांचा चिरोटा करायचा तो एवढ्याचसाठी.

"मग आमचा डोंगर घ्या ना!" मी अभिमानाने म्हणालो. "बोगद्याची सवय आहे त्याला."

भाचीने खिडकीतून खंबाटकीकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "बुटका आहे, मामा."

पिढ्यान् पिढ्या या घाटाने ट्रकांची इंजिने तापवली, बैलांच्या तोंडाला फेस आणला. त्याला बुटका म्हणणारी ही पहिलीच! तिला चहूबाजूंनी किलोमीटरभर खडक हवा, आणि तोही एकसंध. तसा तो तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात सापडला, पोट्टीपुरमजवळ. त्याआधी नीलगिरीत सिंगारा इथे जागा पाहिली होती. पण ती वन्य प्राण्यांच्या वाटेवर पडते म्हणून २००९ साली नकार मिळाला. थेनीच्या जागेसाठी केंद्राने २०१५ च्या जानेवारीत सुमारे दीड हजार कोटी मंजूर केले. आणि मग गाडी घाटात बंद पडली.

लोकांनी विरोध केला. त्यातली काही भीती उगाचची होती. न्यूट्रिनो अंगातून गेले तर काय होईल, असे लोक विचारत. ते तर आदमच्याही अंगातून गेले. पण काही प्रश्न अगदी खरे होते. पश्चिम घाटातला डोंगर, वाघांची वाट, सुरुंग, पाणी. भाची या मुद्द्यावर चिडते. मला तितके चिडता येत नाही. बोगद्याच्या कामाचे सुरुंग उडतात तेव्हा मांडणीवरची पातेली कशी वाजतात, हे खंडाळ्याच्या माणसाला ऐकून माहीत नाही, झोपेतून उठून माहीत आहे. डोंगर फोडायचा तर पायथ्याशी राहणाऱ्याच्या ओटीवर बसून, चहा घेऊन, चार वेळा समजावून सांगितले पाहिजे. उपयोग काय हे त्यालाही सांगितले पाहिजे, नुसते दिल्लीला सांगून भागत नाही. शेवटी २०२२ साली तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगून टाकले की, हा प्रकल्प आम्हाला इथे नको. आज मदुराईला त्या चिरोट्याचा एक नमुना तेवढा आहे, पंच्याऐंशी टनांचा. पन्नास हजारांच्या पंगतीला पंच्याऐंशीचे ताट!

हे सगळे मी तात्यांना ओटीवर बसवून सांगितले. भाचीही होती. तात्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "समदं कळलं. पन पोरी, उपेग?"

भाची म्हणाली, "तात्या, तीन जानेवारीला आपल्या नायगावला एवढी गर्दी कशाला असते हो?"

"म्हंजे काय! सावित्रीबाईंचा जन्म तिथला."

"त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी काय विचारलं असेल?"

तात्या काही बोलले नाहीत. नायगाव आमच्याच तालुक्यातले. तिथे वाद घालायला जागा नसते. त्यांनी फक्त बशी उलटी केली, म्हणजे आणखी अर्धा कप चालेल.

मग भाचीने रोहिणी गोडबोल्यांचे सांगितले. १९५२ साली पुण्यात जन्मलेली मुलगी. एस. पी. कॉलेज, मग पवईची आय.आय.टी., मग अमेरिकेत पीएच.डी. करून १९७९ साली परत. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी जन्म घालवला. २०१९ साली पद्मश्री झाल्या, २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या. त्यांचे एक काम मला फार आवडले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळायची नवी अजस्र यंत्रे जगातले लोक कागदावर आखत होते. बाईंनी मानुएल ड्रेस यांच्याबरोबर हिशेब करून दाखवले की, बाबांनो, हे झोत एकमेकांजवळ आले की त्यांतून प्रकाश फुटेल, तो प्रकाश प्रकाशावर आदळेल आणि त्याचा जो कचरा पडेल त्यात तुम्हाला हवे ते दिसायचे नाही. यंत्र आखतानाच त्याची तजवीज करा. यंत्राचा पत्ता नाही, आणि त्यात केर किती पडेल ते आधी सांगून ठेवले! मला तर हे वाचून गृहकृत्यदक्ष हा शब्द पहिल्यांदा नीट कळला.

मोठ्या यंत्रांचा विषय निघाला आणि आमच्या घाटाखालचा गॅरेजवाला मिस्त्री पुढे सरसावला. तो तात्यांचा पुतण्या, ओटीच्या कडेला बसून होता. त्याला न्यूट्रिनोत रस नव्हता. पण भाची म्हणाली की, जिनिव्हाजवळ जमिनीखाली शंभर मीटरवर २७ किलोमीटर घेराचे यंत्र आहे, त्यात प्रोटॉन सेकंदाला अकरा हजारांवर फेऱ्या मारतात, आणि तिथेच २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला. मिस्त्रीने विचारले, "गोल ठेवायला चुंबकं किती?"

"वळवणारी मोठी १,२३२. एकेक पंधरा मीटर लांब, पस्तीस टन वजनाचं."

"मग उचललंय कशावर?"

या प्रश्नावर भाचीचा चेहरा उजळला. "जॅकवर! आणि ते जॅक भारतातले."

खरेच आहे ते. सहा हजारांहून अधिक जॅक. त्यांची जबाबदारी इंदूरच्या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेने घेतली होती, तिचे आजचे नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. (इंदूर म्हणजे होळकरांचे, तेव्हा मी ते घरचेच धरतो.) एका चुंबकाखाली तीन जॅक, आणि पस्तीस टनांचे धूड मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतके सरकवायची सोय. मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ट्रक उचलला तर बोटभर इकडंतिकडं चालतंय आमाला." त्याच्या आवाजात जो आदर होता तो हिग्ज बोसॉनला मिळाला नव्हता. तिथले लोक आता ९१ किलोमीटरचे पुढचे कडे आखताहेत, म्हणजे पुण्याहून निघून साताऱ्याच्या जवळ येईल एवढे. त्याला जॅक किती लागतील, याचा हिशेब त्याने बोटांवर सुरूही केला.

तात्या मात्र अजून तिथेच. तेव्हा भाचीने शेवटचा बाण काढला. विश्व जन्मले तेव्हा द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान निघायला हवे होते. दोन्ही भेटले की दोन्ही नाहीशी होतात. म्हणजे जमाखर्च चोख जुळता तर शिल्लक शून्य. ना सूर्य, ना पृथ्वी, ना खंडाळा, यातला ना त्यातला. पण शंभर कोटींमागे एखादा कण जादा उरला, आणि त्या उरलेल्यात आपण सगळे. तो का उरला? संशय या तीन सोंगाड्या भावांवर आहे. अमेरिकेत शिकागोजवळून न्यूट्रिनोंचा झोत जमिनीतून १,३०० किलोमीटर पलीकडे, साउथ डकोटातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत पाठवायचा घाट घातला आहे, तो हेच शोधायला. तिथेही सोन्याची खाणच, तिच्यातही पाणी भरले होते, पण ते उपसून काढले त्यांनी. तिचे पाताळ प्रयोगांसाठी राखले.

भाची तिकडे जाणार आहे. दोन वर्षांसाठी, असे ती म्हणते. ताईचा फोन आला होता. रडत नव्हती, पण मधे मधे गप्प होत होती. "अरे, आपल्याकडे एवढे डोंगर आहेत," ती म्हणाली, "एकही चालत नाही का रे?" मी तिला खंबाटकी बुटका आहे एवढेच सांगितले. थेनीचे सांगायला धीर झाला नाही.

भाची निघाली त्या सकाळी मिस्त्री तिची बॅग स्टँडवर घेऊन आला. एसटीला वेळ होता. त्याने विचारले, "ताई, त्या तीन भावांत थोरला कोन, ते कवा ठरनार?"

"चीनमध्ये जमिनीखाली सातशे मीटरवर नवा प्रयोग लागलाय. २०२५ च्या ऑगस्टपासून मोजणी चालू आहे. पाच-सहा वर्षांत सांगतील म्हणतात."

"पाच-सहा वर्सं?" मिस्त्री हसला. "आमच्या चुलत्यांचा थोरलेपनाचा दावा एकोनीस वर्सं कोर्टात हाय. लौकरच की!"